मांजर आणि दुधाचं पातेलं

"याला ब्रेक कुठाय?" संगणकावर काहीही नवीन उघडलं की माझ्या वर्गातल्या एका आजोबांचा पहिला प्रश्न हा. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. थांबवायचं कसं ते कळल्याशिवाय सुरू करायचे नाहीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी ज्येष्ठांचा संगणकवर्ग घ्यायचे. यादी ठरलेली: वीजबिल, रेल्वेचं तिकीट, फोटो पाठवणं. या आजोबांनी ती पहिल्याच दिवशी बाजूला सारली.

"अहो मॅडम, बिलं मुलगा भरतो. मला गेम बनवायचाय. एका बोटाचा."

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांच्या बायकोचा उजवा हात लुळा पडला होता. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; पण व्यायामाचा चेंडू ती पलंगाखाली सोडून द्यायची.

मग यादीत नसलेलं मलाही शिकावं लागलं. इंटरनेटवर नवशिक्यांसाठी गेम बनवायची साधनं असतात. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले, की चित्रं हलू लागतात. तीन आठवड्यांत आजोबांचा गेम तयार. मांजर दुधाच्या पातेल्याकडे येतं, बटण दाबलं की पळतं. पातेल्याचा फोटो घरच्याच ओट्यावरचा.

पुढच्या गुरुवारच्या वर्गात मात्र त्यांनी संगणक उघडलाच नाही.

"मांजर फार जोरात सोडलं. तिचं बोट पोचेपर्यंत दूध सांडायचं. पाचदा सांडलं, मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मीच हरवलं हो तिला."

आम्ही वेग दहावरून दोनवर आणला. ती जिंकू लागली. आठवडाभरानं ते हसतच आले. "म्हणते, मांजराला संधिवात झालाय का? मला काय कुक्कुलं बाळ समजलात?"

दोनाचे तीन झाले, मग चार. प्रत्येक आकडा ते नातीच्या मार्कांसारखा सांगत.

सहावर आल्यावर ते यायचेच बंद झाले. आता ती ठोकळे स्वतः जोडायची आणि आजोबांना शेजारून उठू द्यायची नाही, हे मला नंतर कळलं. पुढे दोघं मुलाकडे हिंजवडीला गेली. पण तेव्हा, दोन गुरुवार रिकामे गेल्यावर, माझ्या मनात नको ते आलं. हजेरीची वही मिटून मी तडक त्यांच्या दारात.

बेल वाजवली. आतून त्यांचा आवाज, "मी उघडतो."

"बसा तुम्ही," ती म्हणाली.

कडी बराच वेळ नुसती खडखडत राहिली. शेवटी दार वीतभर उघडलं, आणि फटीतून आधी दिसली ती कडी घट्ट धरलेली तिच्या उजव्या हाताची बोटं.