वीज काढलेलं पाणी आणि मे महिन्यातली शाळा

यंदा रत्नागिरीला गेलो तो समुद्र बघायला नाही आणि आंबे खायलाही नाही. आम्ही एका माणसाला शोधायला गेलो. नाव माहीत नव्हतं, चेहरा पाहिलेला नव्हता. ठाऊक होतं ते एवढंच, की इंटरनेटवर तो स्वतःला 'खलाशी' म्हणवतो आणि माझ्या पुतणीने त्याला सगळ्यांसमोर नको ते बोलून ठेवलं आहे.

पुतणी म्हणजे सई. वाढली कोल्हापूरला, शिकते पुण्याला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मेच्या सुट्टीत दरवर्षी माझ्याकडे शिरगावला येते. पोफळीच्या वीजघरात माझी सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर तिथून हाकेच्या अंतरावर घर बांधलं. मराठीत टाइप करायला मला तिनेच शिकवलं, हा ब्लॉगही तिनेच उघडून दिला. त्यामुळे इथे काही चुकलं तर अर्धी तक्रार तिच्याकडे करावी.

तर झालं असं. गप्पांच्या एका मराठी संकेतस्थळावर सई रोज लिहिते. तिथे भारनियमनावरून जुंपली होती. कुठल्या पक्षाने काय केलं, वीज कोकणात बनते तर कोकणातच अंधार का, असं सगळं. त्यात या खलाशाने लिहिलं, "आमचं दुखणं वेगळंच आहे. वर पोफळीला पाण्यातली वीज काढून घेतात आणि उरलेलं चोथापाणी खाली आम्हाला सोडतात. त्यात कस राहत नाही. म्हणूनच हल्ली आमच्या भाताला चव नाही."

सईचं डोकं सटकलं. तिने दोन पानी उत्तर दिलं. पाणी उंचावरून पडतं, चाक फिरवतं, पाण्यातून काहीही निघून जात नाही, सगळं मुद्देसूद. तिथेच थांबायचं ना. पण शेवटी लिहिलं, "तुमच्यासारख्यांमुळे कोकण मागे राहिलं. वाद घालण्याआधी शाळेत जा."

लोकांनी वाहवा केली. खलाशी गप्प झाला. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मग कुणीतरी लिहिलं, अहो, ते रत्नागिरीचे म्हातारे तांडेल आहेत, मच्छीमार होडीचे कप्तान, चौथीत शाळा सुटली, सत्तरीला आल्यावर एका बोटाने टाइप करायला शिकले. सईने त्यांना खाजगी निरोप धाडला, माफी मागितली. उत्तर नाही.

हे सगळं तिने मला दाखवलं तेव्हा ते चोथापाणी वाचून मला हसूच फुटलं. वीजघरातला हा जुना विनोद. आम्ही नव्या साहेबांना हमखास ऐकवायचो आणि साहेब खरंच समजवायला बसले की गालात हसायचो. पण खालचं 'शाळेत जा' वाचलं आणि हसू जागीच राहिलं. मी स्वतः सातवी. मजूर म्हणून लागलो आणि साहेबांनी टाकून दिलेली पुस्तकं वाचून मीटर वाचायला शिकलो.

"काका, हा विनोद होता?" सईने विचारलं.

"होता."

"मग हसऱ्या तोंडाचं चिन्ह का नाही टाकलं त्यांनी?"

"अगं, इकडे विनोद करताना कोणी हसत नाही. हसलं की विनोद फुकट गेला."

ती जेवणावरून अर्धपोटी उठली. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. खलाशी जुन्या लिखाणात मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरच्या चहाच्या टपरीचा उल्लेख करायचे. तेवढा पत्ता पुरे होता.

पहिला दिवस. शिरगावहून चिपळूण, तिथून रत्नागिरीची एस.टी. तीन तास धरून चाला आणि सकाळची पहिली गाडी पकडा. मे महिन्यात दहानंतर पत्रा असा तापतो की आत बसून भाकरी भाजून निघावी. संगमेश्वरला गाडी थांबते, तिथे भजी गरम असली तरच घ्या. हातखंब्याला हमरस्ता सोडून गाडी उजवीकडे वळली की दोन्ही बाजूंना कातळ दिसू लागतो, काळा, उघडा, भर उन्हात निवांत पडलेला. सई खिडकीला डोकं टेकून बसली होती. इतका सुंदर रस्ता आणि पोरगी मनात माफीची भाषणं रचतेय. ओठ हलताना मला दिसत होते.

स्टँडजवळच लॉज मिळालं. साधं, स्वच्छ, दोन खोल्या तीनशेच्या आत. पाठ टेकतो न टेकतो तोच पंखा बंद. मी खाली जाऊन मॅनेजरना विचारलं, "वीज कुठे गेली हो?"

त्यांनी वहीतून मान वर केली नाही. "मुंबईला."

"येणार कधी?"

"गणपतीला येईल की. इथली सगळी तेव्हाच येतात."

सई माझ्या मागे उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती. जिना चढताना ती म्हणाली, "काका, हा पण विनोद होता ना?" म्हटलं, शिकायला लागलीस.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनात गारवा होता. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि भात. रत्नागिरीत मासे खायचे तर मोठ्या पाट्या बघू नका, बंदरावरचे लोक जिथे जेवतात तिथे जा.

दुसरा दिवस. सकाळी सातला रिक्षाने मिरकरवाडा. बंदरावर एवढा कल्ला की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. टोपल्या उतरत होत्या, कोळणी भाव करत होत्या, बर्फ फुटत होता. पावसाळी बंदी तोंडावर आलेली, त्यामुळे ज्याला त्याला शेवटच्या फेऱ्यांची घाई. पायात चप्पल घट्ट हवी, जमीन फार निसरडी.

टपरी सापडली. बाकावर पाचसहा जण वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसले होते आणि एकमेकांच्या पक्षांची यथेच्छ निंदा चालली होती. नेटवर ज्या शब्दांवरून महिनाभर अबोला व्हावा, ते इथे एका चहात विरघळत होते. तेवढ्यात एकाने घोट घेऊन कप खाली ठेवला आणि चहावाल्याला म्हणाला, "काय रे, आजपण वीज काढलेलाच दिलास?"

सई जागीच थिजली.

मी चहावाल्याला विचारलं, "हे वीज काढलेलं काय प्रकरण आहे?"

"पातळ चहाला म्हणतात इथे. हसनचाचाचा शब्द. ते कॉम्प्युटरवर लिहितात ना, ते."

"कुठे भेटतील?"

"घराकडे. हल्ली लिहीत नाहीत म्हणे. कोण एक पोरगी फार बोलली त्यांना." मग त्याने सईकडे नीट पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळून तिच्या हातात चहा दिला. पैसे घेतले नाहीत.

घर दोन गल्ल्या सोडून. चिऱ्याची भिंत, दारात जाळ्यांचा ढीग, ओट्यावर लुंगी नेसलेले उंच, वाळके हसनचाचा. जाळं दुरुस्त करत होते. मी माझी ओळख सांगितली, पोफळीचा म्हणून. सई पुढे झाली आणि एका दमात म्हणाली, "चाचा, ती मीच. मी तुम्हाला शाळेत जा म्हणाले होते."

त्यांनी सुईतला दोरा ओढून गाठ मारली.

"तू होय गो ती? बरी आलीस. मी गेलो होतो शाळेत."

"काय?"

"तूच सांगितलंस ना? गेलो. तर फाटकाला टाळा. मे म्हयना, पोरांना सुट्टी. मास्तर त्याच्या गावाला. आता जूनला उघडेल तेवा बघू. तोवर कसा लिवू? आधी शाळा, मग वाद, असंच लिवलेलंस तू."

सई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या तोंडावर काहीही नव्हतं. मग हळूहळू तिला उमगलं, तिने तोंडावर हात दाबला, खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय ते मलाही सांगता आलं नसतं. भाषण राहिलं बाजूला.

"बसा वाईच," चाचा मला म्हणाले. आत हाक मारली, "पोफळीचे पाव्हणे आलेत, वीज न काढलेला चहा ठेव."

आत गेलो तर पाण्याच्या माठावर भिंतीला सईचं दोन पानी उत्तर चिकटवलेलं. सायबर कॅफेतून छापून आणलं होतं. काही शब्दांखाली पेन्सिलीने रेघा.

"हे 'जनित्र' म्हणजे काय गो?" त्यांनी विचारलं.

सईने सांगितलं. चांगलं सांगितलं, सायकलच्या डायनामोचं उदाहरण देऊन. मग त्यांनी विचारलं, "आणि येवढ्या उंचावरून पाणी रोज आदळतं, तर चाकाची पाती झिजत नाहीत?"

सई अडखळली. पुस्तकात नव्हतं वाटतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी बोललो. पाती झिजतात, खड्डे पडतात, बंद ठेवून आत उतरावं लागतं, वेल्डिंगने भरून घासून गुळगुळीत करावं लागतं. हे मी माझ्या हातांनी केलंय. दोघं ऐकत होते, एक चौथीवाला आणि एक इंजिनिअर होऊ घातलेली. इतकं कान देऊन माझं म्हणणं वीजघरातही कुणी ऐकलं नव्हतं.

चाचांच्या सुनेने सांदणं केली होती, मऊ, वाफाळती, वर नारळाचा गोड रस. दुपारपर्यंत उठूच दिलं नाही. निघताना सई वाकून नमस्कार करायला गेली तर चाचा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. जूनला हजेरी घ्यायला ये."

तिसरा दिवस. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेलो. हाच रस्ता घ्या आणि रिक्षावाल्याला वरच्या वळणावर थांबायला सांगा, खाली दोन किनारे एकदम दिसतात. पुळ्याला दर्शन लवकर झालं. डोंगराची प्रदक्षिणा अनवाणी असते, उन्हं चढायच्या आत करा नाहीतर तळपाय भाजतील. आम्ही उशिरा केली आणि भाजले.

प्रदक्षिणेत सई म्हणाली, "काका, चाचांना खूप लागलं होतं. सूनबाईंनी आत मला सांगितलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. कॉम्प्युटरवर फडकं टाकून ठेवलं होतं."

"वाटलंच मला."

"मग आल्या आल्या विनोद का केला?"

"तुला मान खाली घालून उभं राहावं लागू नये म्हणून."

प्रदक्षिणा पुरी झाली. पुढे पन्हं प्यायलो, आंब्याची साठं घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

सई पुण्याला गेली त्यालाही आता पंधरा दिवस झाले. या सहलीतलं माझ्याकडे काय उरलं म्हणाल तर एक शब्द. घरात चहा पातळ झाला की मी तो वापरतो, आणि बायको म्हणते, मग स्वतः करून घ्या. आणि दुसरं, आपण शिकलो ते कुणाला तरी सांगण्यासारखं आहे, हे या वयात कळलं. नाहीतर हा लेख लिहायला बसलोच नसतो.

काल दुपारी वीज आली तसं ते संकेतस्थळ उघडून बघितलं. शाळा सुरू झाल्या त्याच दिवशी, त्या जुन्या वादाखाली खलाशाने एकच शब्द लिहिला होता, "हजर."

त्याखाली सई. कसलंही चिन्ह नाही, तोंड नाही. "उशीर झाला. बाकावर उभे राहा."

त्याखाली कुणीतरी तिसराच संतापला होता. वडीलधाऱ्यांशी बोलायची ही काय रीत, आजच्या पिढीला संस्कार कसे ते नाहीत, वगैरे चांगला मोठा परिच्छेद.

आणि त्याच्याही खाली खलाशी, "उभा आहे."