दुखतंय की भेटायला?

बातमी आली तेव्हा मी स्वारगेटला हडपसरच्या बसची वाट बघत उभी होते. आईनं फोनवर नाव घेतलं नाही, काय झालं तेही सांगितलं नाही. "ये," एवढंच म्हणाली… आणि फोन बंद करायला विसरली. तिच्या मागून शेजारणींचे आवाज येत राहिले आणि तो चालू फोन कानाला लावूनच मी बसमध्ये चढले. समोरच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर लहान मूल, मुलाच्या हातात क्रीमचं बिस्कीट. ते माझ्याकडे बघून हसलं आणि मी सवयीनं त्याचे पुढचे दात बघितले. वरचे चारही हिरडीपाशी तपकिरी झालेले. झोपताना तोंडात दुधाची बाटली, मी मनाशी म्हटलं, मावशीला सांगायला हवं. मग फोनमधले आवाज पुन्हा ऐकू आले.

सुजातामावशी आईची धाकटी बहीण. लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरात राहायची आणि हडपसरच्या मंडईमागच्या गल्लीत तळमजल्यावर तिचा दवाखाना होता. आमचं घर पत्रकांचं. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून ते पत्रकं वाटत आले, वडील कारखान्याच्या गेटवर वाटण्यासाठी छापून आणायचे, आणि मी अक्षरंच पत्रकांवर गिरवली. मी आयुष्यात लिहिलेले पहिले दोन शब्द 'जाहीर निषेध' होते. मावशी म्हणायची, या पोरीला दात यायच्या आधी घोषणा आल्या.

ती स्वतः मात्र घोषणा देणारी नव्हती. तिच्या दवाखान्याचं दार उघडलं की ती मुलाकडे बघून विचारायची, "दुखतंय की भेटायला?" पाहुण्याला चहा की कॉफी विचारावं तसं. तिचं सगळं काम या प्रश्नात होतं. तिच्या मते मुलानं दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा यावं ते काही दुखत नसताना. त्या दिवशी हत्यारांचा ट्रे फडक्याखाली झाकलेला असायचा. मुलाला खुर्चीत बसवून पायानं पेडल दाबायचं, खुर्ची वर न्यायची, खाली आणायची, हातात छोटा आरसा द्यायचा आणि त्याचे दात त्यालाच मोजायला लावायचे. अगदी तान्हं असेल तर ती आईच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची, मूल दोघींच्या मांडीवर आडवं, पाय आईकडे, डोकं हिच्याकडे. आईचा चेहरा दिसत राहिला की मूल कशाला रडेल? जमलं तर शेवटी किडीपासून जपणारं औषध ब्रशनं दातांवर फिरवायचं, आणि त्याला ती नेलपॉलिश म्हणायची. आयांना मात्र एक गोष्ट पक्की बजावायची. मूल स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला लागेपर्यंत ब्रश त्याच्या हातात सोपवून मोकळं व्हायचं नाही.

सोसायट्यांमधली आयटीवाली जोडपी अपॉइंटमेंट घेऊन भेटायला यायची. पण मंडईत माल घेऊन बसणारे, बांधकामावरचे, फुरसुंगीकडून टमटमनं येणारे… ते दुखल्यावरच येत. तेही मूल रडून रडून दमल्यावर, गाल सुजल्यावर. त्यांच्यासाठीसुद्धा दार उघडलं की ती तोच प्रश्न त्याच आशेनं विचारायची. उत्तर तिला सुजलेल्या गालावर दिसत असायचं, तरी. मी एकदा चिडून म्हटलं, बघून कळत नाही का तुला? ती म्हणाली, "कळतं गं. पण एक दिवस कुणीतरी यांच्यातलं म्हणेल ना, भेटायला. तेव्हा मी विचारलेलं नसेल तर?"

तिचं भांडण एकाच वाक्याशी होतं. "दुधाचेच दात हायेत, पडायचेच की." हे वाक्य तिनं किती तोंडांतून ऐकलं असेल. ती न चिडता विचारायची, पायातली चप्पल झिजून फाटणारच असते, म्हणून काट्यावर अनवाणी चालता का? माणसं हसायची. हसली की ती दुधाचा दात खालच्या पक्क्या दाताची जागा कशी राखून ठेवतो ते दाखवायची. आणि एक वाक्य तिच्या दवाखान्यात बंद होतं. "आधी का नाही आणलंत?" हे तिथे कुणीही म्हणायचं नाही. एकदा एक बाप मुलीला खांद्यावर टाकून आला, पोरीचा डोळा सुजेनं अर्धा मिटलेला, आणि मी, तिथे नुसती बसायला गेलेली, ते वाक्य म्हणून बसले. तो गेल्यावर मावशी हात धुता धुता म्हणाली, "तुझा आवाज माझ्या ड्रिलपेक्षा मोठा आहे. ड्रिलची तरी मुलांना सवय होते." मग म्हणाली, तो आला ना? ज्याला दारात ऐकून घ्यावं लागतं तो पुढच्या वेळी पायरी चढत नाही.

मी तिच्यासाठी एक पत्रक लिहिलं होतं. मथळा होता, 'लेकरांचे दात किडवणारे गुन्हेगार कोण?' गोड बिस्किटांचे छोटे पुडे वस्तीच्या प्रत्येक टपरीवर टांगणाऱ्या कंपन्या, शाळेत मुलांच्या तोंडात एकदाही न डोकावणारी यंत्रणा, सगळ्यांना मी धुऊन काढलं होतं. त्यातल्या एकाही शब्दाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. मावशीनं ते उभ्या उभ्या वाचलं. म्हणाली, झकास आहे, कंपन्यांना आणखी धू. पण हे वाचणार कोण? आई वाचणार. आणि 'गुन्हेगार' शब्दापाशी थांबून ती स्वतःकडे बघणार. तिनं माझं सगळं लिखाण काढून टाकलं. वर दवाखान्याचा पत्ता, मध्ये एक ओळ, 'दुखायच्या आधी नुसतं भेटायला या', आणि बाकी कागद कोरा. मी म्हटलं, हे पत्रक नाही, बोळकं आहे. एक दात नाही याला. ती म्हणाली, "बोळक्या तोंडावर कुणी रागावतं का?" आम्ही दोघींनी ते मंडईत वाटलं. बऱ्याच जणांनी त्यात मिरच्या बांधून नेल्या.

आणि मग तिचं पोट दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून ती गोळ्या घेत राहिली. दिवसभर स्टुलावर वाकून बसणाऱ्या बाईचं पोट दुखणारच, असं ती म्हणायची आणि आम्ही मान डोलवायचो. तपासण्या झाल्या तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. मोठ्या हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर कागद खाली ठेवून अगदी कळकळीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः डॉक्टर… थोडं आधी आला असतात तर." मी खुर्चीतून उठलेच होते. मावशीनं माझं मनगट धरलं. त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, बरोबर आहे तुमचं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. तो वाईट नाहीये. त्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच." जिनं जन्मभर 'वेळेवर' या एका शब्दासाठी राबावं, तिलाच तो मिळू नये, हे कुणाला विचारायचं? यात कंपनी नाही, सरकार नाही, मालक नाही. मी पत्रक कुणाविरुद्ध काढू? मला राग करता येतो, तेवढंच येतं. आणि त्या दिवसांत त्या रागाला कुठेच पत्ता सापडत नव्हता.

शेवटी शेवटी ती फार बोलत नसे. मी संध्याकाळी खोलीत गेले की डोळे अर्धवट उघडायची. एकदा मला दारात बघून ओठ हलले. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं… "दुखतंय की भेटायला?" मी म्हटलं, भेटायला. तिनं डोळे मिटले. दोन्ही खरं होतं, पण दुखतंय ते मी बोलले नाही.

आता घरात आई दिवसातून कितीदा तरी तेच म्हणते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "आधी न्यायला हवं होतं गं." मावशीच्या दवाखान्यात बंद असलेलं वाक्य आमच्या स्वयंपाकघरात राहायला आलंय आणि त्याला बाहेर कसं काढायचं ते मला कळत नाही.

मागच्या आठवड्यात दवाखाना रिकामा केला. खुर्ची दुसऱ्या एका डॉक्टरांना दिली होती, ती न्यायला टेम्पो यायचा होता. खोक्यांमध्ये मी एकटीच. दार ढकललं गेलं आणि मंडईत कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन बसणारी एक बाई आत आली, कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. बाईच्या हातात ते पत्रक होतं, हळदीचे डाग पडलेलं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "दुखतंय की भेटायला?"

"दुखत काय न्हाय," बाई जरा लाजून म्हणाली. "ह्यात लिवलंय म्हणून आलो. नुसतं भेटायला."

बाईनं खोकी बघितली, रिकाम्या भिंती बघितल्या. मावशी गेल्याचं मी सांगितलं. ती पत्रकाची घडी करत हळूच म्हणाली, "मला यायला उशीर झाला म्हणायचा."

"नाही हो ताई," मी म्हटलं. "तुम्ही अगदी वेळेवर आलात."

सरकारी दंत रुग्णालय कुठं आहे, कोणती बस, कुठल्या खिडकीवर नाव नोंदवायचं, ते सांगितलं. ती "बघू" म्हणाली. त्या 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे. आता ती पोरगी दातांच्या डॉक्टरकडे जाईल ती गाल सुजल्यावरच. माझ्या हातात ना ते शिक्षण, ना परवाना. हातात नुसता खोक्यातून काढलेला छोटा आरसा होता. टेम्पो अजून आलेला नव्हता. मी मुलीला खुर्चीत बसवलं आणि पेडलवर पाय दाबला. खुर्ची घरघरत वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आरशात बघत तिनं दात मोजले, मधले दोन विसरली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. सगळे पांढरेशुभ्र होते.

खाली उतरायला ती तयार नव्हती. आईनं उचलून कडेवर घेतलं तेव्हा माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "परत कधी यायचं?"