लोय्झे बर्फात खड्डा का खणतो

आमच्या खोऱ्याचा पोस्टमन लोय्झे रविवारी लोकांना स्कीवरून डोंगरावर नेतो. मोठ्या उतारावर पाऊल टाकण्याआधी तो तशाच एखाद्या लहान चढावर कमरेइतका खड्डा खणतो. गेल्या रविवारी तो डोंगरावरच्या विश्रामघराशेजारीच खणत होता आणि मी पायरीवरून पाहत होते. ताज्या बर्फानंतर आकाश निवळले होते आणि सगळे शिखरासाठी उतावीळ झाले होते.

“दाजी, विहीर खणताय का?” त्याचा मेहुणा स्टाने ओरडला.

लोय्झे खड्ड्याच्या भिंतीत हात खुपसत होता. वरच्या मऊ बर्फात मूठ शिरली, खालच्या घट्ट बर्फात एकच बोट, आणि त्याखाली जाड साखरेसारखे दाणे गळू लागले.

“हे कुठून आले?” मी विचारले.

“जानेवारीच्या थंडीत तेव्हाचा बर्फाचा पातळ थर आतून सुटा, दाणेदार झाला, आजी. आता त्यावर नव्या बर्फाचं ओझं बसलंय. माणसाचा भार पडला, तर अख्खा उतार घसरून खाली येईल.”

त्याने बर्फाचा खांब कापला, वर फावडे ठेवून थापा मारल्या. बाराव्या थापेला वरचा थर सपकन घसरला.

“तुम्ही जोरात मारलंत!” स्टानेने फावडे हिसकावून शेजारी स्वतः खणले. हलक्या थापा मारूनही त्याचा खांब नवव्या थापेलाच घसरला. समोरच्या उताराकडे पाहत त्याने फावडे परत दिले.

“जंगलातून खाली जाऊ या, दाजी,” तो म्हणाला.