सोळा खण पुरेत

स्क्रीनवर नऊ ओळी आल्या होत्या. प्रत्येक ओळीत एक लांबलचक आकडा आणि त्याच्यापुढे, जिथे नाव असायला हवं तिथे, दोन प्रश्नचिन्हं. डीबगर, म्हणजे बंद पडलेल्या प्रोग्रामचं पोट उघडून दाखवणारा प्रोग्राम, मला एवढंच सांगत होता की इथे कुणीतरी काम करत होतं, कोण ते माहीत नाही.

प्रोग्राम दगड कापायच्या मशीनचा होता. आमच्या ग्वाल्हेरच्या पिवळट दगडाचे ठोकळे एका यार्डात कापले जातात, तिथल्या मोठ्या करवतीला तो चालवतो. अकरा वर्षांपूर्वी मी आणि माझा पार्टनर, दोघांनी मिळून तो लिहिला. पातं प्रत्येक फेरीला किती खाली उतरायचं ते मी लिहिलं. पात्यावर पाणी पडतंय की नाही ते त्यानं लिहिलं. पाणी थांबलं की पातं तापतं आणि दगड तडकतो.

आणि त्याच वर्षी दगड तडकला. एका देवळाच्या जाळीसाठी आणलेला जाडजूड ठोकळा होता. प्रोग्राम मधेच मेला, पाणी बंद, पातं फिरतच राहिलं. यार्डाचा मालक, त्याचे कारागीर, सगळे गोळा झाले. मी सगळ्यांसमोर पार्टनरकडे बोट दाखवून म्हटलं, "पानी का काम इनका था।" तो म्हणाला, "थांब न जरा. नावांची फाइल माझ्याकडे आहे, बघून सांगतो." मी ओरडलो, "आता घरी जाऊन पुरावे बनवणार?" त्यानं मोटरसायकल काढली आणि गेला, तो परत आलाच नाही.

त्याचं असं न बोलता जाणं मला अकरा वर्षं डाचत होतं. मी बिर्लानगरच्या मिलच्या कामगारांच्या लाइनीत वाढलो. मिल बंद पडल्यावर दौलतगंजात एका दुकानात कीबोर्ड पुसता पुसता कॉम्प्युटर शिकलो. त्याच्या घरात तीन पिढ्यांपासून पुस्तकांची कपाटं. मला वाटायचं, असल्या लोकांना भांडणसुद्धा खालच्या दर्जाचं वाटतं.

मधे दोन-तीनदा प्रोग्राम असाच मेला, पण दगड वाचला, तेव्हा मी लाइटीवर ढकललं. पण गेल्या आठवड्यात पुन्हा एक जाड ठोकळा तडकला. मालकानं मला उभंच ठेवलं.

"भैया, ग्यारह साल पहले आपने कहा, पार्टनर की गलती है। पार्टनर तो चला गया, गलती यहीं रह गई।"

"मी... मैं देखता हूँ।"

"देखना नहीं, बताना है। किसकी है, ये पता चले तब मशीन चालू होगी।"

आता प्रश्नचिन्हांचं सांगतो. ती माझीच करणी होती.

ग्वाल्हेरात आम्हा मराठी लोकांची एक जुनी सवय आहे. बाजारात हिंदीत भाव करायचा आणि आपसांत मराठीत ठरवायचं. आई साडीवाल्याला हसून म्हणायची, "भैया, रंग तो अच्छा है," आणि त्याच दमात बाबांना, "तुम्ही उठायला लागा, म्हणजे उतरेल." आम्ही दोघांनीही गिऱ्हाइकांसमोर हेच केलं, आणि प्रोग्राममधल्या प्रत्येक कामाला नावंही तशीच दिली: पाणी बघ, खाली उतर, थांब जरा. अक्षरं इंग्रजी, बोली घरची. दुसऱ्या कुणी प्रोग्राम उघडला तर त्याला काही कळू नये.

माझं तेवढ्यानं भागलं नाही. मालकानं उद्या इंदुरातून दुसरा कुणी आणला तर? तिथे मराठी वाचणारे काय कमी आहेत? मी पार्टनरला सांगितलं, "नावं पुसूनच टाक." तो म्हणाला, "मशीनला नावं लागत नाहीत, आकड्यांवर चालतं तिचं. पण उद्या आपल्याला लागतील. पुसायच्या आधी वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो." मी म्हटलं, "ठेव, पण माझ्या ऑफिसात नको. इथे दहा लोक येतात." इतका हुशार मी.

ती फाइल मागायला जायच्या आधी मी माझ्या मनानं करून पाहिलं. जुना लिहिलेला मजकूर माझ्याकडे होता, तो नव्यानं मशीनच्या भाषेत उतरवला आणि त्यातली नावं डीबगरपुढे ठेवली. पण अकरा वर्षांत उतरवणारा प्रोग्रामच बदललेला, प्रत्येक कामाच्या जागेचे आकडे, म्हणजे पत्ते, सगळे इकडचे तिकडे झाले. डीबगरनं साफ सांगितलं, हे त्या प्रोग्रामचं नाही. मूळ प्रोग्राम बनताना त्याच्यावर चाळीस अक्षरांची एक खूण उमटलेली असते, आणि नावांच्या फाइलीवर अगदी तीच हवी. मी आयुष्यभर प्रत्येकाला भावात थोडं खाली आणलंय. याला एक अक्षरही खाली आणता येत नव्हतं. मला राग यायला हवा होता. मी नुसता बघत राहिलो.

शनिवारी दुपारी थाटीपुरला गेलो. पार्टनर आता कॉलेजात शिकवतो, वहिनींच्या सरकारी क्वार्टरात राहतो. दार वहिनींनी उघडलं.

"अय्या, भावजी! रस्ता चुकलात का?"

"नाही वहिनी, जरा काम..."

"ते तर पताच आहे. बिनाकामाचे तुम्ही देवळातही नाही जात." आणि आत वळून हाक मारली, "अहो, बघा कोण आलंय. चहा आधी देऊ की भांडण झाल्यावर?"

तो बाहेर आला. केस पिकले होते. मी नमस्कार वगैरे न करता म्हटलं, "ती फाइल आहे?"

"आहे."

"काय घेशील?"

तो हसला. "अबे, बसून तर घे. काय घेशील म्हणे. चहा घेईन."

फाइल एका जुन्या डिस्कवर होती. त्यानं माझ्या लॅपटॉपला डिस्क जोडली आणि डीबगरला फक्त ती जागा दाखवली. डीबगरनं दोन्हीकडची खूण जुळवली, फाइल घेतली आणि लगेच तयार झाला.

"एवढ्यात सगळं वाचून झालं?" मी विचारलं.

"सगळं कशाला वाचेल? वर वर चाळून ठेवलंय, कोणतं नाव कुठल्या गठ्ठ्यात आहे तेवढं. तू ज्याच्याबद्दल विचारशील, तोच गठ्ठा सोडेल."

त्यानं तीच आज्ञा पुन्हा दिली. नऊ ओळी आल्या, आणि प्रश्नचिन्हांच्या जागी आमची नावं होती. खाली उतर. थांब जरा. अकरा वर्षं मुके पडलेले आकडे आमच्या घरच्या बोलीत बोलत होते. 

"यानं शोधलं कसं? आकडा तर कामाच्या मधलाच कुठलातरी आहे."

"नावं पत्त्यांच्या क्रमानं लावलेली असतात. तो बरोबर मधलं नाव बघतो. आपला आकडा त्याच्या वर की खाली? वर असेल तर खालचं अर्धं सोडलं. उरलेल्याचं पुन्हा मधलं. चार हजार नावं असली तरी बारा वेळा विचारून झालं. शेवटी आकड्याच्या लगेच आधी जे नाव सुरू होतं, तेच आपलं."

मी भाव असाच तोडतो. अर्ध्यावर, मग उरलेल्याच्या अर्ध्यावर. पण माझी घासाघीस जिथे थांबते तिथे दोघेही खोटं बोलून दमलेले असतात. ही बारा पावलांत खऱ्यावर येऊन थांबत होती.

"आणि उलटं? मी नाव दिलं आणि पत्ता विचारला तर?"

"तेव्हा तेही करत नाही. नावाच्या अक्षरांचा हिशेब करून एक आकडा काढतो, तो आकडा म्हणजे कप्प्याचा नंबर. तेवढाच कप्पा उघडतो, बाकीच्यांकडे बघतही नाही."

मग माझं लक्ष पहिल्या ओळीकडे गेलं. प्रोग्राम ज्या जागी मेला ती ओळ. तिथे नाव होतं: पाणी बघ.

त्याचं काम. त्यानं लिहिलेलं. मी खुर्चीतून उठलोच. "बघ! बघ! अकरा वर्षांपासून काय सांगतोय मी?"

आतून वहिनी म्हणाल्या, "झालं सुरू. चहा उतरवून ठेवते."

तो स्क्रीनकडेच बघत होता. "मेला इथे, हे खरं. दहा मिनिटं चुप बस न यार. का मेला ते तर विचारू." त्यानं 'पाण्याची नोंद' असं टाइप केलं. त्याचा प्रोग्राम पाण्याची माहिती जिथे ठेवायचा, तिथला पत्ता या नावात असायचा. डीबगरनं सांगितलं, त्यात तीनशे चाळीस आहे.

"हा पत्ता नाहीच," तो म्हणाला. "मी इतका लहान पत्ता ठेवूच शकत नाही. हे कुणीतरी वरून लिहिलंय. शेजारी कोण राहतं बघू."

त्यानं त्या जागेच्या चार घरं आधीचा पत्ता दिला आणि विचारलं, इथे कोण? उत्तर आलं: खण, अधिक साठ.

खण माझे होते. प्रत्येक फेरीची खोली लिहून ठेवायला मी ते केले होते. एका खणाला चार घरं, सोळा खणांना चौसष्ट. साठ घरं सोडून सुरू होतो तो शेवटचा, सोळावा. त्याला लागून त्याची पाण्याची नोंद.

माझ्या तोंडून हळूच निघालं, "वीस मिलीमीटरची एक फेरी."

"हं."

"सतरा फेऱ्या. तीनशे चाळीस."

एरवी दगड दहा-बारा फेऱ्यांत कापून होतो. जाड ठोकळ्याला सतरा लागल्या. सतराव्या फेरीचा आकडा ठेवायला माझ्याकडे खण नव्हता आणि माझ्या प्रोग्रामनं तो शेजारच्याच्या घरात टाकला. पुढच्या क्षणी त्याचा 'पाणी बघ' बिचारा त्या खोट्या पत्त्यावर गेला आणि मेला.

आणि मग मला आठवलं. प्रोग्राम लिहिताना तो म्हणाला होता, "खण चौसष्ट ठेव." मी म्हटलं, "चौसष्ट कशाला? आठ." तो बत्तीसवर आला. मी म्हटलं, "सोळा खण पुरेत, आता बोलू नको." त्यात माझा काहीच फायदा नव्हता. समोरच्यानं आकडा सांगितला की तो खाली आणायचा, एवढंच मला येत होतं. गेल्या अकरा वर्षांत त्याचं पाण्याचं काम मी चुका शोधायला शंभर वेळा वाचलं होतं. माझं एकदाही नाही.

 वहिनींनी चहा आणून ठेवला, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि थट्टा न करता आत गेल्या. स्क्रीनवर ती ओळ तशीच होती. खण, अधिक साठ. कुणाचीही बाजू न घेता डीबगरनं फक्त शेजारी कोण राहतं ते सांगितलं होतं.

शेवटी तोच म्हणाला, "किती खण करायचे?"

"तू सांग."

"चौसष्ट."

बत्तीस माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं भुवया वर केल्या. मी चौसष्ट टाइप केलं.

मग मी यार्डाच्या मालकाला फोन लावला. तेव्हा ज्या आवाजात ओरडलो होतो तो आवाज काही निघाला नाही. "सेठ, मिल गया। गलती मेरी थी। ग्यारह साल पहले भी मेरी ही थी।"

पलीकडे दगड कापायचा आवाज नव्हता. मशीन बंदच होती.

"पक्का?"

"पक्का. नाम के साथ."

"पार्टनर को बोला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता.

"सामने बैठे हैं."

"तो मुझे क्या बोल रहे हो, भैया? उनको बोलो. मैं लाइन पर हूँ."

मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि मराठीत बोलायला तोंड उघडलं. मग थांबलो. दोष सगळ्यांना कळेल असा हिंदीत दिला होता. म्हणून माझी चूकही हिंदीतच सांगितली.