तंटा मिटल्याची हकीकत

मार्गशीर्ष वद्य पंचमी. अंगणात मी कापसातला कचरा निवडत होते, तेव्हा अमरावतीहून एक कारकून आला. आमच्या आणि नदीपलीकडच्या गावात तलवारी चालल्या होत्या, माणसं मेली होती. तो तंटा कसा मिटला हे लिहून घ्यायचं आणि अजून लढणाऱ्या गावांना वाचून दाखवायचं, हे त्याचं काम. उपरण्यानं ओटा झटकझटक झटकून तो बसला. माझे दीर गावचे पाटील. त्यांनी स्वतःचं औदार्य सांगितलं, यानं मान डोलवत लिहिलं.

मी म्हटलं, "कारकूनबुवा, हे बी लिहा. दोन्ही गावच्या बायांनी कापूस वेचाले साफ नाही म्हनलं. सोन्याच्या भावाचा माल झाडावर लोंबला, तवा तलवारी म्यानात गेल्या."

त्यानं बोरू कानावर खोचला. "बाई, तहात वेचणी कुठं बसते?"

"बरं, आता कोनत्या गावाले चालले?"

त्यानं माझ्या लेकीच्या सासरचं नाव घेतलं. तिथं अजून मुडदे पडत होते आणि हा शहाणा त्यांना औदार्य वाचून दाखवणार होता!

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी दमणीला बैल जुंपले आणि लेकीच्या गावच्या बायांना वेचणी बंद करायला सांगायला निघाले.