थांबामामा आणि डावीकडचं वळण

त्यांचं खरं नाव गिऱ्हाइकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ते विचारायची गरजही कधी कुणाला पडली नव्हती. गाडी ढकलत आत आणून माणूस तक्रार सांगायला लागला की ते हात वर करून म्हणायचे, "थांबा." तक्रार सांगून झाली की पुन्हा, "थांबा." मग स्टूल ओढून गाडीसमोर बसायचे आणि बराच वेळ काहीच करायचे नाहीत. घाईतली माणसं या बसण्याला वैतागून समोरच्या गॅरेजात जायची आणि आठवड्याभराने मान खाली घालून परत यायची. अशाच एका परत आलेल्याने त्यांना थांबामामा हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं ते कायमचं.

गॅरेज म्हणजे एका शटरची खोली. पण फरशी इतकी स्वच्छ, की नवा माणूस दाराशी चप्पल काढायचा. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली. पाना जागेवर नसला की भिंत लगेच चहाडी करायची. मागच्या खोलीत मामींचं शिवणकाम चाले, आणि मधल्या दारातून गिऱ्हाइकांची समजूत काढण्याचं खातंही त्यांच्याकडेच होतं. "माझ्याशी लग्न करायचं की नाही हे ठरवायला यांनी चार वर्षं घेतली," असं त्या अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "पण नंतर एकदाही खोलून बघावं लागलं नाही."

त्या दुपारी आलेल्या मुलीला मात्र चार वर्षं सोडाच, चार दिवसही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची दुचाकी चालवण्याची परीक्षा होती, आणि ती तिसरी. आधीच्या दोन्ही परीक्षांत ती एकाच जागी अडखळली होती: मैदानावर चुन्याने आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यात, डावीकडच्या वळणावर. तिथे गाडी एकदम उसळायची, तिचा पाय जमिनीला टेकायचा आणि परीक्षा घेणारे साहेब कागदावर फुली मारायचे. एका तपासणी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने गोळा करून आणायची नोकरी तिला मिळाली होती. आयुष्यातली पहिली नोकरी. तिथल्या बाईंनी जागा धरून ठेवली होती, पण शनिवारपर्यंतच. परवाना घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं.

पण नोकरीपेक्षाही तिला दुसरंच काहीतरी आतून कुरतडत होतं. हात जड आहे हिचा, असं बाबा म्हणाले होते. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा घरात म्हणाले, दुसऱ्यांदा झाली तेव्हा सगळ्या आळीसमोर. मग आई म्हणाली, काका म्हणाला, शेजारचे म्हणाले. इतक्या लोकांनी सांगितल्यावर तिलाही ते पटलं होतं. दाराची कडी लावतानासुद्धा ती आता हाताकडे बघायची.

बाबा सोबत आले होते. ते वायरमन, म्हणजे घरांत वीज खेळवणारे. त्यांनी केलेलं काम लोक पाहुण्यांना दाखवायचे. एकही वायर वाकडी नाही, एकही लोंबती नाही. लोंबती वायर दिसली की बाबांना जेवण जात नसे.

"मामा, गाडीची रेस जास्त आहे," बाबा म्हणाले. "नुसती उभी असली तरी भुंकते. मी स्क्रू फिरवून कमी केली, पण ऐकत नाही. तेवढी खाली आणा. बाकी गाडी ठणठणीत आहे, दोष चालवणारीच्या हातात आहे."

मुलीने मान खाली घातली. मामांनी हात वर केला. "थांबा."

ते स्टूलवर बसले. गाडी सुरू करून गरम होऊ दिली. इंजिन खरंच भुंकत होतं, जागच्या जागी, कुणी हात न लावता. मामांनी हँडलची मूठ पिळून सोडली. ती झटकन परत आली. मान हलवली. मग मामींच्या इस्त्रीची पाण्याची बाटली मागून घेतली आणि कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबराभोवती पाण्याचे फवारे मारले. रबराला चीर असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. बदलला नाही.

"कधी उसळते गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नेहमीच," बाबा म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, वायरमनसाहेब."

मुलीने मान वर केली. या गाडीबद्दल तीन महिन्यांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. सगळे सांगतच होते. "डावीकडे वळताना," ती म्हणाली. "खूप वळवलं की. उजवीकडे नाही. पण तो माझा..."

"माझा-तुझा नंतर बघू."

मामा वाकले आणि स्क्रूड्रायव्हर लावून रेसचा स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवू लागले. तो अर्ध्या वेढ्यातच संपला. "हा तर आधीच सगळा बाहेर आहे," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "इंजिन याच्यावर टेकलेलंच नाही. मग रेस धरून कोण बसलंय?"

हा प्रश्न मुलीला फार आवडला. आजवर गाडी म्हटलं की कोण चुकलं एवढंच तिने ऐकलं होतं.

मामांनी हँडल सावकाश उजवीकडे नेलं. काही नाही. मग सावकाश डावीकडे, अगदी शेवटपर्यंत, आणि इंजिनाने असा काही टाहो फोडला की मामी शिवणयंत्र थांबवून दारात आल्या. हँडल सरळ केलं, आवाज उतरला. पुन्हा डावीकडे, पुन्हा टाहो. मुठीला कुणाचाच हात नव्हता. मुलीने ते पाहिलं आणि ती दोन पावलं पुढे आली.

मामांनी टाकीखाली बोट घातलं. मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी केबल तिथे सांगाड्याला काळ्या प्लॅस्टिकच्या टायने बांधली होती. एक नाही, चार टाय. सारख्या अंतरावर, टोकं कापून गुळगुळीत केलेली. केबल एका रेषेत, ताठ. इतकं देखणं काम मामांच्या गॅरेजात कधी आलं नव्हतं.

मुलीने ते काम लगेच ओळखलं. त्यांच्या घरातला प्रत्येक स्विच तसाच होता. हिला शिकायचंय म्हणून बाबांनी तीन महिन्यांपूर्वी एक अख्खी सुट्टी घालवून गाडी घासूनपुसून नीट केली होती. बाबा मात्र बाहेर रस्त्याकडे बघत उभे होते.

आता मामा टाय कापतील असं तिला वाटलं. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यांनी कात्री काढली आणि बाजूला ठेवली. मग खडूचा डबा घेऊन ते गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत गेले आणि फरशीवर मोठा थोरला आठ काढला.

"वायरमनसाहेब, जरा एक आठ मारून दाखवा."

"मी?" बाबा हसले. "मामा, वीस वर्षं चालवतोय मी."

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय. हात हलका लागतो ना."

बाबांनी ऐटीत टांग टाकली. उजवं वळण झकास घेतलं. मधल्या चौफुलीवरून डावीकडे हँडल वळवलं आणि गाडी उसळली. बाबांचा पाय धप्पकन जमिनीवर आला, चाक खडूची रेघ ओलांडून मामींच्या तुळतुळीत घासलेल्या बादलीवर आदळलं. मामींनी बादली उचलली, पोचा पाहिला आणि ती दाराआड नेऊन ठेवली.

"गिअर चुकला," बाबा म्हणाले आणि पुन्हा गेले. पुन्हा तिथेच, पुन्हा पाय. तिसऱ्यांदा त्यांनी दात-ओठ खाऊन, क्लच दाबून, मूठ जवळजवळ सोडून वळण घेतलं, तरी पाय टेकलाच. मग ते गाडीवर तसेच बसून राहिले. कपाळावर घाम होता.

मामा जवळ जाऊन खाली बसले. शेजारच्या दुकानदारांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलले. "हँडल डावीकडे गेलं की केबलला जास्त लांबी लागते. म्हणून ती सैल सोडलेली असते. ताठ बांधली की ती आपणच रेस ओढते. भिंतीतली वायर हलत नाही, साहेब, ही हलते. सरळ रस्त्यावर तुम्हाला कळलं नाही, कारण तिथे एवढं कोण वळवतं? आठ काढतानाच वळवावं लागतं." मग टायवरून बोट फिरवत म्हणाले, "बांधलंय मात्र फार सुंदर."

बाबांनी कात्री स्वतः मागून घेतली. चारही टाय त्यांनीच कापले. शेवटचा कापला तसं इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं.

"बिघडली का?" बाबा दचकले.

"सुधारली. आता ती स्क्रूचं ऐकेल." मामांनी केबल तिच्या मूळच्या वाटेने सैल नेली, स्क्रू दोन वेढे आत घेतला आणि गाडी सुरू केली. हँडल या टोकाचं त्या टोकाला नेलं. इंजिन एका लयीत, शांत, ढिम्म चाललं. मग मुलीकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली.

तिने खडूच्या आठवरून सात फेऱ्या मारल्या. पाय एकदाही टेकला नाही. सातव्या फेरीला तिला रडू आलं, तरी वळण चुकलं नाही.

घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की मामांना टाय गुपचूप कापता आले असते. गाडी नीट झाली असती, ती पास झाली असती, आणि सगळे म्हणाले असते, चला, जमलं एकदाचं हिला. तीही तेच म्हणाली असती, जन्मभर. मामांनी गाडीबरोबर हेही दुरुस्त केलं होतं. या माणसापुढे आपण वाकून नमस्कारसुद्धा केला नाही याची तिला चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या दोरीपाशी पन्नासेक माणसं होती, त्यांत आळीतले तिघे-चौघे. साहेबांनी तिला ओळखलं आणि उसासा टाकला. मग तिने आठ काढला, अगदी रेघेच्या मधून. साहेबांनी चष्मा वर केला आणि कागदावर सही ठोकली.

"वा! पंधरा दिवसांत एवढी प्रगती? या वेळी कुणाकडे शिकलीस?"

ती उत्तर देणार तेवढ्यात दोरीपलीकडून बाबांचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"कुणाकडेच नाही, साहेब. हिला आधीही येत होतं. दोन्ही वेळा. गाडी मी बिघडवून ठेवली होती."