कॉकपिटवरचं छत शिवायला तेलगावला

दसरा झाला की रेवदंड्याच्या खाडीत आमची बोट पुन्हा पाण्यात उतरते. यंदा ती उतरवायची की विकायची, हेच ठरत नव्हतं. शिरीषच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कानाच्या पाळीवरचा एक डाग उन्हाळ्यात कापून काढावा लागला. तपासणीत तो वाईट निघाला. वेळेत काढला हे आमचं नशीब. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या टोपीवर भागणार नाही. सावलीत बसून बोट चालवता येत असेल तर चालवा, नाहीतर सोडा."

सावलीचा मामला काय आहे ते सांगते. आमची शिडाची बोट लहान, आत दोघांना झोपता येईल एवढी केबिन. सुकाणू धरून बसायची जागा मागे, उघड्यावर. तिला कॉकपिट म्हणतात. तिच्यावर स्टीलच्या नळ्यांच्या कमानी उभारून कापडी छत ताणता येतं. असं एक तयार छत आम्ही आणलंही होतं. पांढरं, ठेंगणं. दोनच फेऱ्यांत शिरीषने ते गुंडाळून ठेवलं. "याच्याखालून शीड दिसत नाही," तो म्हणाला. "शीड न बघता नुसता सुकाणू धरून काय बसू?"

खरं सांगते, बोट विकलेलीच बरी असं मला वाटत होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून ते बोलवलं नाही. म्हटलं, "एकदा सुमनकडून शिवून बघू."

सुमन माझी जुनी विद्यार्थिनी. नोकरीची पहिली सहा वर्षं मी बीड जिल्ह्यात तेलगावजवळच्या शाळेवर होते. सुमनने लग्नानंतर बरीच वर्षं ऊस तोडला, आता ती तेलगावात ताडपत्र्या शिवते. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर तिच्या कामाचे फोटो मी बघत आले होते.

पहाटे अलिबागहून निघालो. गाडीच्या टपावर नळ्या, डिकीत ते पांढरं छत आणि पुण्यात घेतलेलं गडद निळं कापड. पुणे, नगर, कडा, आष्टी, जामखेड असा रस्ता. नगरपर्यंत रहदारी फार, पुढे मोकळं. मांजरसुंब्याला चहा घेतला आणि बाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून सीताफळं. या दिवसांत गेलात तर ती सोडू नका. मुक्काम बीडला, बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजवर. खोली स्वच्छ होती, रात्रभर हॉर्न ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी वडवणीवरून तासाभरात तेलगाव. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे अंगण, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि दारापर्यंत ताडपत्र्यांचे ढीग. ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ. कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, घालायच्या ताडपत्र्यांची घाई होती. तरी सुमन मशीनवरून उठली आणि माझे दोन्ही हात धरले.

"बाई, लई बारीक झालात की वो."

मग शिरीषकडे वळून म्हणाली, "सर, बाईंनी माझं नाव शाळंतून कमी केलतं, म्हायतीय का? पाचवीला. आमी कारखान्यावर गेलतो ना."

मला ते आठवत होतं. नियम होता, लाल शाईने रेघ मी मारली होती.

"पर पाडव्याला आमी परत आलो तवा घरी येऊन तुमीच लिवलं की पुन्यांदा," ती म्हणाली. "आईला लई बोलल्या होत्या तुमी." आणि चहा ठेवायला आत गेली.

कागदावरची मापं तिने बाजूला सारली. अंगणात बोटीच्या बाकाच्या उंचीची दोन लाकडी खोकी मांडून घेतली, शिडाची काठी म्हणून पुढे एक बांबू रोवला, वर नळ्यांच्या कमानी उभ्या करून त्यांवर जुनं बारदान टाकलं. "बसा सर. चालवा बोट."

शिरीष संकोचला, पण बसला. हातात झाडूचा दांडा. दोन मिनिटांत तो खरंच समुद्रावर गेला. मान सारखी वर, डावीकडे.

"घडीघडी वर कावून बघता?"

"शिडाची कड फडफडते का ते बघायला. फडफडली की दिशा चुकली."

"मंग तिथं खिडकी ठिवू." तिने त्याच्या नजरेच्या रेषेत खडूने चौकोन काढला. तिथे जाड पारदर्शक प्लास्टिक, त्यावर कापडी झाकण. बघायचं तेव्हा उघडायचं. उजवीकडे बसल्यावर लागेल म्हणून दुसरीकडेही तसंच.

दुपारी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं. जेवताना ती एकदम म्हणाली, "फडात ऊन वरूनच लागत न्हाई बाई. खालूनबी भाजतं. पान्यावर तर जास्तीच लागत आसंल."

म्हणून चार वाजता आम्ही माजलगावच्या धरणावर. शिरीष काठावर बसला. आम्ही दोघींनी त्याच्या डोक्यावर आधी पांढरं छत धरलं, मग निळं कापड. सुमन वाकून त्याचा चेहरा बघत राहिली. "पांढऱ्याखाली तोंड कसं चमकायलंय बघा. निळ्याखाली न्हाई." पाण्यावरून उसळलेलं ऊन पांढऱ्या कापडाच्या आतल्या बाजूला लागून पुन्हा त्याच्या तोंडावर पडत होतं. त्या दोन फेऱ्यांत हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. मग ती त्याच्या कानाकडे बघत हळूच म्हणाली, "इथंच काढलं का?" त्याने मान डोलावली. घरात हा विषय तो कुणाला काढू देत नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छत शिवून झालं. बाजूंना सोडायचे पडदेही होते, तिने स्वतःहून लावलेले. शिलाई घेताना बाईंकडून जास्त घेणार नाही म्हणून हटून बसली.

आता, छत करावं का, असं विचारणाऱ्यांसाठी. करावं, पण तयार घेऊ नये. आपल्या माणसाला बसवून मापं घ्यावीत. आतली बाजू गडद हवी. धागा उन्हाने न कुजणारा आपणच न्यावा. तोटेही आहेत. समोरून वारा असला की बोट थोडी मंदावते, उठताना डोकं आपटतं, आणि वारा वाढला की छत लगेच पाडावं लागतं. शिरीष बोट धक्क्याला लावताना ते दुमडूनच ठेवतो.

गेल्या रविवारी पहिली मोठी फेरी केली. याआधी उन्हात आम्ही कधी धड बोलतच नसू. तो डोळे बारीक करून गप्प, मी केबिनच्या दारात अंग चोरून. त्या दिवशी दुपारी दोघेही बाहेर होतो. शीड बघता बघता तो म्हणाला, "रिपोर्ट यायच्या आधी चार दिवस मी झोपलो नव्हतो. तुला सांगितलं नाही."

"मला माहीत होतं."

"वाटलं, तू बोट विक म्हणशील."

"म्हणणार होते."

तो बाकावर सरकला आणि माझ्यासाठी जागा केली. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला आणि वरचं झाकण उघडून शीड कसं वाचायचं ते मला सांगू लागला.